गच्चीवरचे बोंबील

"रुमाल काढ रं दादा नाकावरचा. तू काय बोलतंस ता कायेक कलत नाय."

माझी सासू नथीबाय हे म्हणाली ती मान वर न करता. पाटीतले ओले बोंबील ती जोडीजोडीनं लावत होती. बोंबील सुकवायचे तर दोघांच्या जबड्यात जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. वलांडी म्हणजे बांबूंचा उभा-आडवा सांगाडा आणि त्याला ताणून बांधलेल्या दोऱ्या. आमच्या शेवंडबंदरच्या कोळीवाड्यात ज्या मोकळ्या जागेत या वलांड्या उभ्या असतात तिला आम्ही खळं म्हणतो. कुठल्या बाईची वलांडी कुठे, हे सासूकडून सुनेकडे चालत आलेलं. त्याला कागद एकही नाही, त्यावरून भांडणं मात्र भरपूर.

समोर उभे होते ते बोधनकर, शेजारच्या नव्या टॉवरमधल्या सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस तसा सभ्य, आवाज चढवणारा नव्हे. त्यांच्या मागे अर्धं पाऊल अंतर राखून आमचा मोरेश्वर उभा होता. मोरेश्वर गावकीचा अध्यक्ष, माझ्या सासऱ्यांचा पुतण्या, माझा चुलत दीर. गावाच्या बाजूनं उभं राहायचं की साहेबांच्या, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही, म्हणून तो नेहमी अर्धं पाऊल मागे.

बोधनकरांनी रुमाल काढला, एक श्वास घेतला आणि परत लावला.

"मावशी, मी भांडायला आलेलो नाही. पण आमच्याकडे लहान मुलं आहेत, वयस्कर माणसं आहेत. खिडकी उघडायची सोय नाही. हे असं सडलेलं..."

"सडलेला?" नथीबाय उठून उभी राहिली.

मला राग आला तो बोधनकरांचा नाही. राग आला, कारण तो माणूस खरं बोलत होता. आमचे बोंबील सडत होते. वलांडीवर टाकलेली जोडी तीन दिवसांनी कडक व्हायची ती पाचव्या दिवशीही लिबलिबीत लोंबत होती. पोटाकडून पिवळी पडत होती आणि माश्या तिच्यावर घोंगावत होत्या. आम्ही मीठ लावून बघितलं. जोड्या विरळ टाकून बघितल्या. ओट्या भरून झाल्या, नवस बोलून झाले. उन्हाला तोटा नव्हता, पण नुसतं ऊन बोंबलाला शिजवतं, सुकवत नाही. त्याला वारा लागतो. आणि खळ्यावरचा वारा गेला होता. समुद्र आणि खळं यांच्या मधोमध, जिथे पूर्वी आमच्या होड्या ओढून ठेवायचे, तिथे तो टॉवर उभा राहिला आणि त्या हंगामापासून आमच्या लुगड्याचा पदरसुद्धा हलेनासा झाला.

"पालिकेत अर्ज दिलाय आम्ही," बोधनकर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माणसं पाहणीला येतील. असाच वास असेल तर खळं बंद करायला लावतील. मी तुम्हाला आधी सांगायला आलो, एवढंच."

"काकी," मोरेश्वर मागून म्हणाला, "थोडे दिवस सुकत घालू नका ना. ओलंच विका. मी बगतो पुढं काय त्ये."

"आनि पावसालाभर खाऊ काय रं? तुझी अध्यक्षाची खुर्ची?"

आजूबाजूच्या वलांड्यांवरच्या बायका हसल्या. मोरेश्वरलाही माहीत होतं, सुकी मासळी हाच आम्हा बायकांचा धंदा. ताजा म्हावरा होडीवाल्यांचा, त्यातले पैसे पुरुषांच्या हातात. सुकं आमचं. खळं गेलं की शेवंडबंदरची बाई नवऱ्यापुढे हात पसरायला लागणार. हे नथीबायला पक्कं ठाऊक होतं, कारण विधवा झाल्यावर तिनं घर चालवलं ते याच दोऱ्यांवर.

बोधनकर निघाले. चार पावलं गेले आणि कुणास ठाऊक का, थांबले. त्यांना बहुधा आपली बाजू नीट पटवून द्यायची होती. सभ्य माणसांना ती एक खोड असते.

"मावशी, आमचंही समजून घ्या. आयुष्याची कमाई घातलीय लोकांनी. बिल्डरनं सांगितलं होतं, समुद्राचा वारा मिळेल."

"मिलतो?" नथीबायनं विचारलं.

"काय?"

"वारा. मिलतो तुमाला?"

"हो तर! दिवसरात्र." त्यांचा चेहरा उजळला. "गच्चीवर गेलात तर उभं राहवत नाही, इतका."

नथीबाय त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा. या तुमी."

ती माणसं रस्त्याला लागली तरी ती तशीच उभी होती. हातातली जोडी तिनं दोरीवर टाकली नव्हती.

"भानू, तो बोरड आठवतो तुना?"

आठवत होता. टॉवरच्या जागी नुसता खड्डा होता तेव्हा रस्त्याच्या कडेला एक भलामोठा फलक लागला होता. निळं पाणी, पांढरे कपडे घातलेली एक बाई, तिचे केस उडताहेत. आम्ही बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन परतत होतो. नथीबायला वाचता येत नाही, तिनं मला वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं, 'पश्चिमेचा वारा. आता फक्त तुमचा.' आम्ही सगळ्या रस्त्यात उभ्या राहून हसलो होतो. "वारा इकायला बसला मेला!" नथीबाय म्हणाली होती. "उद्या पानी इकंल खारीतला!" डोक्यावरच्या पाट्या डुलेपर्यंत हसलो होतो आम्ही.

"आठवतो," मी म्हणाले.

"सकालचे ताजे कुठं हान?"

"पाटीत. अजून लावले नाहीत."

"लावू नको. उचल."

माझं रक्त आधीच तापलं होतं. मला वाटलं, चला, आता म्हातारी त्यांच्या दारात नेऊन ओतणार. मी ताज्यांची पाटी सोडून कुजक्यांची उचलली, चांगली गच्च भरलेली, जिचा वास मलाच सहन होत नव्हता. त्यांच्या त्या चकचकीत फरशीवर ती पालथी घालायला माझे हात शिवशिवत होते.

"ती नको," नथीबाय म्हणाली. "ती खड्ड्यात घाल. ताजे घे. चांगले निवडून घे, फुटका एक नको. आनि वलांडीच्या दोऱ्या सोड."

"दोऱ्या कशाला?"

तिनं शेजारच्या बायकांना हाक मारली. बोंबील सगळ्यांचेच सडत होते, त्यामुळे कुणाला फार समजवावं लागलं नाही. आम्ही पाच-सहा जणी डोक्यावर ताज्या बोंबलांच्या पाट्या आणि खांद्यावर दोऱ्यांची वेटोळी घेऊन भर सकाळी टॉवरकडे निघालो. तिथे जाऊन काय करायचंय हे कुणालाच माहीत नव्हतं, विचारायची छातीही कुणाची नव्हती. नथीबायचं तोंड असं घट्ट मिटलेलं असलं की तिच्याशी आम्ही बोलत नसू.

फाटकावर हसुराम होता. हसुराम म्हणजे आमच्याच आळीतला, एके काळी मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. होडीची जागा गेली तेव्हा बिल्डरनं गावच्या काही माणसांना टॉवरवर नोकऱ्या दिल्या, त्यातली एक याला मिळाली. आयुष्यभर अनवाणी डेकवर उभा राहिलेला माणूस आता खाकी शर्ट, टोपी आणि बूट घालून खुर्चीत बसायचा. बुटांनी त्याला पार जेरीस आणलं होतं.

"नथे, कुठं?" तो उठला.

"वरती."

"वरती कुठं वरती? पाट्या घेऊन? अगो, माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. कुत्र्यासारा बसतंस फाटकाशी."

हसुरामचा चेहरा पडला. मला वाटलं, हिनं असं बोलायला नको होतं. पण तो चिडला नाही. त्यानं आमच्या पाट्यांकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, मान वर करून टॉवरच्या टोकाकडे पाहिलं. वाऱ्यावर होडी चालवलेला माणूस तो. आम्हाला जे कळलं नव्हतं ते त्याला तिथेच कळलं असावं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं खुर्चीवर ठेवला.

"लाल दोरावाली गच्चीची हाय," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "माझ्या बुटाची नाडी सुटली." आणि तो खाली वाकला. आम्ही सगळ्या आत गेलो तरी तो वाकलेलाच होता.

सामानाच्या लिफ्टमध्ये आम्ही दाटीवाटीनं उभ्या राहिलो. आतल्या आरशात मी आम्हाला पाहिलं. डोक्यावर पाट्या, गालांवर खवलं, कमरेला खोचलेले पदर. मी सगळ्यात वरचं बटण दाबलं. लिफ्ट हलली तशी कुणीतरी 'एकवीरा माते' म्हणालं.

गच्चीचं दार मी उघडलं आणि ते माझ्या हातातून सुटून भिंतीवर आपटलं.

वारा होता. तोच वारा. दुपार होण्याआधी पश्चिमेकडून उठणारा, पाण्यावरून सरळ येणारा, ओलसर वाटणारा आणि तरी अंगावरचा घाम क्षणात वाळवणारा. लहानपणापासून ज्याला टेकून आम्ही उभ्या राहिलो तो. माझं लुगडं फडफडायला लागलं, डोक्यावरचं चुंबळ उडून गेलं. आमच्यातली एक हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

नथीबायनं पाटी खाली ठेवली, पाण्याच्या टाकीला हात टेकला आणि तोंड समुद्राकडे केलं.

"हितं हायस होय रं मेल्या?" ती म्हणाली. घर सोडून पळालेला पोरगा सापडल्यावर बोलावं तशी बोलली. "हितं येऊन बसलायस? आनि आमी खाली वाट बघतू."

मग ती आमच्याकडे वळली. "बघत काय बसल्याव? बांधा दोऱ्या!"

आम्ही दोऱ्या बांधल्या. टाकीच्या पायांना, पाइपांना, टीव्हीच्या छत्र्यांच्या दांड्यांना. हातांना सांगावं लागत नव्हतं. बसून जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी फेकायची. फेकलेली जोडी दोरीवर स्वस्थ राहत नव्हती, वाऱ्यावर हेलकावत होती. कित्येक महिन्यांनी हलणारे बोंबील पाहिले आम्ही. एका कोपऱ्यात त्यांनी कुंड्यांची बाग केली होती, तिथेही दोन दोऱ्या गेल्या. मला त्या घटकेला आनंद झाला होता, आणि आनंदाच्या खाली तितकाच संताप होता.

बोधनकर धापा टाकत आले तेव्हा निम्म्याहून जास्त गच्ची भरली होती. त्यांच्यामागे सोसायटीची माणसं, हातात मोबाइल धरलेली.

"हे... हे काय चाललंय?" बोधनकरांचा सभ्यपणा पहिल्यांदाच फाटला. "खाली उतरा! ताबडतोब! ही खाजगी जागा आहे!"

"वास येतो?" नथीबायनं विचारलं.

ते थबकले. वास येत नव्हता. ताजा म्हावरा आणि असा वारा, वास राहणार कुठे?

"प्रश्न वासाचा नाहीये!"

"मगाशी तर वासाचाच व्हता."

"मावशी, ही गच्ची आमची आहे. पैसे मोजलेत आम्ही!"

"गच्ची ठेव ना. मना काय करायची तुझी गच्ची?" नथीबाय एक जोडी दोरीवर टाकत म्हणाली. "बोंबील सुकले का जाऊ आमी. तू बस खुर्ची टाकून, राखन कर. कावले लय हान."

"मी पोलिसांना बोलावतोय."

"बोलव. तवर अर्धे वालतील."

कुणीतरी खरंच फोन लावला. आणि मग मोरेश्वर आला. घामानं निथळत, शर्टाची बटणं उघडी. आमच्याकडे न बघता तो आधी बोधनकरांकडे गेला आणि हात जोडले. "सायेब, मी समजावतो. आमच्या बायका अडाणी हान." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

माझा तोल गेला. "भावजी, कुणाला अडाणी म्हणता? होड्यांची जागा दिली तुम्ही. सही तुम्ही केली. आमचा वारा घालवलात तुम्ही, आणि वर त्यांच्यापुढे हात जोडता? लाज नाही वाटत?"

"मी घालवला?" मोरेश्वर उसळला. बरीच वर्षं मनात साठलेलं एकदम बाहेर आल्यासारखा बोलायला लागला. "मी एकट्यानं? देवलात मिटिंग जाली तवा सगला गाव व्हता. बिल्डरचा मानूस समोर बसला व्हता, बोला, काय काय पायजे. मी एकेकाला इचारला. होडीवाल्यांनी जेटी मागितली, जेटी आनली. पोरांना नोकऱ्या मागितल्या, आनल्या. देवलाला पत्रा आनला. आनि बायकांना इचारला का नाय? इचार काकीला! बायकांच्या वतीनं काकी उटली व्हती. काय मागितलास काकी तू?"

नथीबायच्या हातात एक जोडी होती. ती तशीच राहिली.

"सांग ना! खल्याला सिमेंटची लादी मागितलीस. बोंबलाला माती लागते म्हनून. मिलाली का नाय लादी? खल्याची एक इत जागा तरी गेली का? जा मागितला ता सगला मिलाला. वारा कोनी मागितला? तू मागितलास?" त्याचा आवाज चिरकला. "वारा कोन मागतो गो काकी?"

दोऱ्यांवर बोंबील फडफडत होते.

मी सासूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही याच्या मुस्काटात मारणार. तिनं हातातली जोडी हळूच दोरीवर टाकली. मग त्याच ओल्या, चिकट हातानं तिनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. एकदा, मग परत. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"खरा बोलतो," ती म्हणाली. "नाय मागितला. मी उटलू व्हतू. सगला गाव आयकत व्हता. लादी मागितली मी, भानू. लादी!"

आम्ही सगळ्या तिथे होतो त्या दिवशी. लादी मिळाली म्हणून पेढे वाटले होते. समुद्राच्या काठावर जन्म काढलेली माणसं आम्ही. जाळं मागितलं असतं, डिझेल मागितलं असतं, बर्फ मागितला असता. वारा मागायचा असतो हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं होतं फक्त फलक लिहिणाऱ्याच्या मनात. आणि त्या बिल्डरचा माणूस आमच्या समोर बसून, काय पाहिजे ते बोला, असं हसत हसत विचारत होता. त्याला तेव्हाच माहीत होतं. या एका गोष्टीसाठी मी त्याला आजही क्षमा केलेली नाही, मरेपर्यंत करणार नाही.

पोलीस आले, सोबत दोन महिला पोलीस होत्या. आम्ही भांडलो नाही. नथीबाय सगळ्यांत पुढे उतरली. बोंबील तसेच दोऱ्यांवर राहिले. संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून, दम देऊन आम्हाला सोडून दिलं.

गच्ची साफ करायला सोसायटीला माणूस मिळेना. त्यांच्यापैकी कुणी बोंबलाला हात लावेना, झाडूवाले म्हणाले हे आमचं काम नाही. मग हसुरामला सांगितलं, फेकून दे. हसुराम म्हणाला, करतो. रोज विचारलं की म्हणायचा, करतो सायेब. शेवटी एका दुपारी तो दोन पाट्या घेऊन आमच्या दारात आला. बोंबील पांढरेशुभ्र, हलके, कडक. नथीबायनं एक उचलून मोडला. कट्कन आवाज आला. वाळक्या बोंबलाचा तो आवाज आमच्या घरात त्या वर्षी तेवढा एकदाच झाला.

"हे इकायचे नाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन पडली.

खळं बंद करायची पाळी पालिकेवर आलीच नाही. त्या हंगामानंतर वलांड्या आम्हीच उभ्या केल्या नाहीत. खळं आजही आमचंच आहे, कुणी एक वीत घेतलेलं नाही. लादीही शाबूत आहे, पक्की, एक चीर नाही तिला. तिच्यावर टॉवरकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात. नथीबाय चार पावसाळे जगली, पण खळ्याच्या बाजूचं दार तिनं त्यानंतर उघडलं नाही.

ती गेल्यावर वर्षभरानं दुसऱ्या टॉवरचा नकाशा आला. या वेळी उत्तरेच्या बाजूला, जिथे दुसऱ्या आळीचं छोटं खळं आणि वाड्यातल्या उरल्यासुरल्या वलांड्या आहेत तिथे, पाण्याच्या अंगाला. परत देवळात मिटिंग झाली. परत टेबल, परत बिसलेरीच्या बाटल्या, परत एक हसरा माणूस, हा जरा तरुण. मोरेश्वरचे केस पिकले होते. त्यानं जेटीची दुरुस्ती वाचली, नोकऱ्या वाचल्या, समाजमंदिर वाचलं. मग हसऱ्या माणसानं विचारलं, "आणि ताईंचं काही? संकोच करू नका."

मी उठले. घरून पत्र्याचा डबा घेऊन गेले होते. नथीबायनं न विकलेल्या बोंबलांतली एक जोडी त्यात उरली होती, जबड्यात जबडा तसाच. ती मी त्यांच्या नकाशावर ठेवली, जिथे टॉवर काढला होता बरोबर तिथे.

"वारा पाहिजे," मी म्हणाले. "बाकी काही नको. लादी नको, मंदिर नको. पाण्यापासून खळ्यापर्यंतचा वारा मोकळा पाहिजे. तो देता येत असेल तर बसा, नाहीतर नकाशा गुंडाळा."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो हसला आणि गावाकडे पाहिलं, गावही हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. मोरेश्वरनं मान खाली घातली. मागे बसलेल्या बायका एकेक करून उठायला लागल्या. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. समोरच्या बोंबलांचा वास त्याला आत्ता कुठे जाणवला असावा. त्यानं खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि त्याच्या आडून काहीतरी बोलायला लागला.

"रुमाल काढ नाकावरचा," मी म्हणाले. "मग बोल."